जलसंजीवनीची पुडी: कोणती घ्यावी, पाणी कसे मोजावे, कुठे चुकते

घरात कायम असावे असे एकच औषध निवडायचे झाले तर आमचे मत जलसंजीवनीच्या पुडीला, म्हणजे ओआरएसला. मेडिकलमध्ये एक लिटरची पुडी साधारण वीस-बावीस रुपयांना मिळते. आशाताईंकडे, अंगणवाडीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात ती फुकट असते. पण तापाची गोळी गिळली की काम संपते, तसे हिचे नाही. पुडी योग्य हवी, पाणी मापात हवे आणि पाजण्याचा वेगही सांभाळावा लागतो. औषध अर्धे कारखान्यात तयार होते आणि उरलेले अर्धे आपल्या ओट्यावर. आमच्या मते हिच्याबद्दलच्या बहुतेक तक्रारी या दुसऱ्या अर्ध्या भागातल्या आहेत.

आधी पुडीत काय असते ते पाहू. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २००२ मध्ये ठरवलेले प्रमाण आजही चालू आहे. एक लिटर पाण्यासाठी सोडियम क्लोराइड म्हणजे साधे मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम. बेरीज २०.५ ग्रॅम. काही कंपन्या स्वाद वगैरे घालतात, म्हणून बाजारातली पुडी एखादा ग्रॅम जड भरते. हे चार आकडे पुडीच्या मागच्या बाजूला छापलेले असतात. ते नसतील तर पुढच्या बाजूला कितीही मोठ्या अक्षरांत काहीही लिहिलेले असो, ती पुडी घेऊ नये.

ग्लुकोज चवीसाठी किंवा ताकदीसाठी घातलेले नाही. आतड्याच्या पेशींवर एक वाहक प्रथिन असते. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन जोडीनेच आत घेते आणि त्यांच्यामागोमाग पाणी शरीरात जाते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये प्रागच्या परिषदेत ही जोडी मांडली. कॉलऱ्यात आतड्यातून पाण्याचा लोट बाहेर पडत असतो, तेव्हासुद्धा ही वाट शाबूत राहते. नुसते मिठाचे पाणी किंवा नुसते साखरेचे पाणी पाजून भागत नाही ते यामुळेच. पोटॅशियम जुलाबातून वाहून जाते, त्याची भरपाई पोटॅशियम क्लोराइड करते. सायट्रेट रक्तातली वाढलेली आम्लता कमी करते. पूर्वी त्या जागी खाण्याचा सोडा असे. पण दमट हवेत सोड्याची पुडी लवकर खराब होई, म्हणून १९८४ पासून सायट्रेट आले.

२००२ आधीचे मिश्रण जास्त दाट होते, त्याची ऑस्मोलॅरिटी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या कणांचे प्रमाण, ३११ होती. आजच्याची २४५ आहे, म्हणजे रक्तापेक्षा कमी. जुन्या-नव्याची तुलना करणाऱ्या चाचण्यांत नव्या मिश्रणामुळे सलाईन लावण्याची वेळ सुमारे ३३ टक्क्यांनी, जुलाबाचे प्रमाण २० टक्क्यांनी आणि उलट्या ३० टक्क्यांनी कमी झालेल्या दिसल्या. नुसती मीठ-साखर कमी केल्याने एवढा फरक पडत असेल, तर घरी "थोडं दाट केलं तर जास्त ताकद येईल" असा हिशेब किती उलटा आहे ते लक्षात येते.

हे औषध एका प्रयोगशाळेत जन्मून थेट दुकानात आले असते तर त्याची कहाणी इथे सांगण्याची गरज नव्हती. पण ते घडले विद्यापीठांतले संशोधक आणि गावातली माणसे यांच्या एकत्र कामातून, आणि वापराचे बरेच नियम त्याच कामातून निघाले आहेत. १९६८ मध्ये डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेच्या चाचण्यांत दाखवले की, तोंडावाटे पाणी पाजले तर सलाईनची गरज सुमारे ८० टक्क्यांनी घटते. मात्र ती चाचणी प्रशिक्षित कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली होती. साध्या माणसांच्या हातात हे टिकेल का, याचे उत्तर १९७१ मध्ये बनगावला मिळाले. बांगलादेश मुक्तियुद्धातले निर्वासित पश्चिम बंगालच्या सीमेवर येऊन ठेपले होते, कॉलरा पसरला होता आणि सलाईन संपत आले होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोलकात्यातल्या संशोधन केंद्राचे डॉ. दिलीप महालनबिस तिथे काम करत होते. केंद्राच्या ग्रंथालयाच्या खोलीत २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशी लिटरमागे पुडी बांधली जाई. छावणीत १६ लिटरच्या, खाली तोटी असलेल्या पिंपांत पाणी तयार होई आणि आजाऱ्याचे नातेवाईकच ते भरून नेऊन पाजत. खर्च लिटरला ११ पैसे. ३,७०३ रुग्णांपैकी १३५ दगावले, म्हणजे ३.६ टक्के. त्याआधी मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांच्या घरात होते. पाजणारा हात आईचा, बापाचा, भावाचा असला तरी औषध काम करते, हे या कामाने सिद्ध केले. महालनबिस २०२२ मध्ये गेले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आमच्या मते हा सन्मान फार उशिरा आला.

पुढचा टप्पा बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेचा. १९८० ते १९९० या काळात तिच्या महिला कार्यकर्त्या घरोघरी, सव्वा कोटीच्या आसपास कुटुंबांत गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी हे माप त्या आयांकडून त्यांच्याच भांड्यांत करून घेत. काही दिवसांनी दुसरे पथक त्यातल्या काही घरांत जाई. आईला काय आठवते हे विचारले जाई, तिने केलेल्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासला जाई, आणि शिकवणारीचा पगार त्या निकालावर ठरे. किती घरे झाली यापेक्षा किती आयांना बरोबर जमते, याला पैसे. सुरुवातीला पुरुषांना यात घेतले नव्हते, पण घरातल्या पुरुषांना पटल्याशिवाय वापर वाढत नाही असे दिसल्यावर बाजारात आणि मशिदींतही समजावून सांगणे सुरू झाले. पुढे ढाक्यात ब्रॅक विद्यापीठाचे सार्वजनिक आरोग्य विद्यालय उभे राहिले, त्याच्याशीही कॅश यांचा निकटचा संबंध होता. आपल्याकडच्या आरोग्यशिक्षणाने यातली एक गोष्ट उचलली तरी पुरे: पुडी हातात देऊन पुढच्या घरी जाऊ नये, समोर एकदा पाणी करून घ्यावे.

आता खरेदी. दुकानात "ओआरएस द्या" म्हटले की तीन प्रकारच्या वस्तू पुढे येऊ शकतात. पहिली म्हणजे भुकटीची पुडी, एक लिटरची किंवा २०० मिलीची. दुसरी तयार पाण्याचा डबा, ज्यावर हेच चार घटक याच प्रमाणात असतात. ही महाग पडते, पण प्रवासात सोयीची. तिसरी म्हणजे फळांच्या स्वादाचे गोड पेय. घात या तिसऱ्यात आहे. ओआरएसमध्ये १०० मिलीला ग्लुकोज १.३५ ग्रॅम असते. अशा काही पेयांत साखर त्याच्या आठपट किंवा जास्त असायची आणि सोडियम फार कमी. एवढी साखर आतड्यात पाणी उलटे ओढून घेते आणि जुलाब वाढतात. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी याविरुद्ध अनेक वर्षे लढा दिला. पूर्वी डब्यावर खुलासा छापला की नावात ओआरएस वापरायला परवानगी होती. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ती काढून घेतली. तरी डबा उलटून आकडे वाचायची सवय सोडू नये. कपाटात जुना माल असू शकतो, आणि ओआरएस हा शब्द काढला तरी पेय तेच राहते. ग्लुकोजची भुकटी हीसुद्धा ओआरएस नव्हे. तिच्यात मीठ जवळजवळ नसते, आणि जुलाबात ती पाजणे ही आपल्या गावाशहरांत सर्रास होणारी चूक आहे.

लहान मूल असलेल्या घरात आम्ही २०० मिलीच्या पुड्या सुचवू, जरी लिटरमागे त्या महाग पडल्या. तयार केलेले पाणी २४ तासांत टाकून द्यावे लागते आणि तान्ह्या मुलाला लिटरभर लागत नाही. मग लोक काय करतात? मोठी पुडी फाडून अर्धी किंवा पाव भुकटी घेतात. भुकटीतले चार पदार्थ वजनाने आणि दाण्याने सारखे नसतात, वाहतुकीत ते वरखाली होतात. वरच्या अर्ध्या भागात ग्लुकोज जास्त आणि खालच्यात मीठ जास्त असे होऊ शकते. म्हणून पुडी फोडली की सगळीच्या सगळी पाण्यात जायला हवी. उरलेले पाणी टाकणे परवडते, उरलेली भुकटी ठेवणे नाही.

सगळ्यात जास्त चुका पाणी मोजताना होतात. लिटरची पुडी पेलाभर, म्हणजे २०० मिली पाण्यात टाकली की मिश्रण पाचपट दाट होते. २४५ च्या जागी १,२२५. असे पाणी आतड्यातले उरलेसुरले पाणी ओढते आणि रक्तातले सोडियम धोक्याच्या पातळीवर नेऊ शकते. तान्ह्या मुलाला यामुळे झटके येऊ शकतात. उलट २०० मिलीची पुडी लिटरभर पाण्यात टाकली तर त्या पाण्यात मीठ इतके थोडे राहते की भरपाई होत नाही, फक्त पोट भरते. घरातले तांबे आणि स्टीलचे पेले मापाला धरू नयेत, पेला १५० मिलीपासून ३०० मिलीपर्यंत काहीही निघतो. बाजारात मिळणारी पाण्याची एक लिटरची बाटली हे हाताशी असलेले सर्वांत खात्रीचे माप. मात्र लेबल वाचावे, कारण ७५० मिलीच्या बाटल्याही दिसायला तशाच असतात. २०० मिलीसाठी बाळाच्या दुधाच्या बाटलीवरच्या खुणा चालतात. हे माप फक्त पाणी मोजण्यापुरते वापरावे. पाजायला चमचा-वाटी बरी, कारण बाटलीचे बूच नीट धुतले जात नाही.

हात साबणाने धुवावेत. पाणी आधी उकळून पूर्ण गार करावे. उकळणे शक्य नसेल तर प्यायला वापरतो तेच सगळ्यात स्वच्छ पाणी घ्यावे, उकळण्यासाठी थांबून वेळ घालवू नये. आधी मापाने पाणी, मग पूर्ण पुडी, मग झाकण लावून पाणी स्वच्छ दिसेपर्यंत हलवणे. तयार झालेले पाणी पुन्हा उकळू नये, वाफेबरोबर प्रमाण बिघडते. त्यात साखर, दूध, सरबत, फळांचा रस काहीही मिसळू नये. एक चमचा चाखून पाहावा: अश्रूंपेक्षा खारट लागले तर माप चुकले आहे, ते पाणी ओतून नवे करावे. बाटलीवर पट्टी चिकटवून पाणी केल्याची वेळ लिहिली की शिळे पाजण्याचा प्रश्न मिटतो.

किती पाजायचे? प्रत्येक पातळ जुलाबानंतर दोन महिने ते दोन वर्षांच्या मुलाला ५० ते १०० मिली, दोन ते दहा वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिली, त्याहून मोठ्यांना हवे तितके. दोन महिन्यांखालच्या बाळाला जुलाब झाले तर थेट डॉक्टरांकडे जावे आणि अंगावरचे दूध चालू ठेवावे. शोष पडल्याची लक्षणे दिसू लागली, म्हणजे डोळे खोल गेले, मूल चिडचिडे झाले, पाण्यावर झडप घालू लागले, तर आरोग्य केंद्रात नेऊन किलोमागे ७५ मिली चार तासांत देतात. दहा किलोच्या मुलाला हे ७५० मिली होते आणि ऐकून आईच्या पोटात गोळा येतो. पण हिशेब करून पाहा. पाच मिलीचा चमचा दर दीड मिनिटाला दिला तर तासाला २०० मिली जातात. एवढ्या संथपणे पाजलेले पाणी उलटीतून फारसे पडत नाही. घटाघटा पाजलेला पेला मात्र बहुधा बाहेर येतो, आणि मग "याच्या पोटात काही टिकतच नाही" म्हणून सलाईनचा आग्रह सुरू होतो. उलटी झालीच तर दहा मिनिटे थांबावे आणि दोन-तीन मिनिटांना एक चमचा या वेगाने पुन्हा सुरू करावे. पापण्या सुजल्यासारख्या दिसल्या तर ओआरएस थांबवून साधे पाणी किंवा अंगावरचे दूध द्यावे.

चवीबद्दल तक्रार सगळ्यांचीच असते. पण शरीर कोरडे पडलेले मूल हेच पाणी हावरटासारखे पिते, आणि भरपाई होत आली की तोंड फिरवते. हा नकार बऱ्याचदा चांगली खूण असतो.

या औषधाची खरी उणीव वेगळीच आहे: जुलाब थांबत नाहीत. पुडी पाजली आणि तासाभराने मुलाला पुन्हा पातळ झाले की घरच्यांना वाटते, औषध लागू पडले नाही. ओआरएसचे काम निघून गेलेले पाणी आणि क्षार परत भरण्याचे. जुलाब आपल्या वेळेने, बहुधा तीन ते सात दिवसांत थांबतात. हे आधी सांगितले नाही तर दुसऱ्या दिवशी पुडी बाजूला पडते आणि जुलाब बंद करणारी गोळी येते, जी लहान मुलांना देऊच नये. जुलाबाचे दिवस कमी करण्याचे काम झिंकचे. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, आणि जुलाब थांबले तरी पूर्ण १४ दिवस. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जुलाब झालेल्या मुलांपैकी सुमारे ६१ टक्क्यांना ओआरएस मिळाले होते आणि झिंक त्याच्या निम्म्यांनाच. म्हणून पुडी घेताना झिंक मागायला विसरू नये.

डॉक्टरच पुडी लिहून देत नाहीत, ही तक्रारही खरी आहे, आणि तिच्यावर अलीकडे फार उपयोगी संशोधन झाले. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ, ड्यूक विद्यापीठ, बंगळूरची आयआयएम आणि रँड ही अमेरिकी संशोधन संस्था यांच्या संशोधकांनी कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ मध्यम आकाराच्या शहरांतल्या दोन हजारांहून जास्त खासगी वैद्यकीय व्यावसायिकांकडे आजारी मुलाचे पालक बनून माणसे पाठवली. हे काम २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुडी दुकानात नसणे किंवा महागडे औषध विकण्यातला फायदा ही कारणे किरकोळ निघाली, अनुक्रमे ६ आणि ५ टक्के. सर्वांत मोठे कारण, ४२ टक्के, हे की रुग्णाला ओआरएस नको असते असा डॉक्टरांचा समज. आलेल्या माणसाने स्वतःहून ओआरएसला पसंती दाखवली तेव्हा ते लिहून देण्याचे प्रमाण २७ टक्के-बिंदूंनी वाढले. म्हणून दवाखान्यात गेल्यावर संकोच न करता म्हणावे, "डॉक्टर, आम्हाला ओआरएस आणि झिंक चालेल." "काहीतरी स्ट्राँग द्या" या वाक्याने मिळतात अँटिबायोटिक्स, ज्यांचा साध्या जुलाबात उपयोग नसतो.

पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा पाच मिलीचा. चिमूट आणि मूठ हे माप प्रत्येक हाताचे वेगळे, म्हणून चमचा हाताशी असताना चमचाच वापरावा. यात पोटॅशियम आणि सायट्रेट नाहीत, त्यामुळे हा पुडी येईपर्यंतचा आधार समजावा. मीठ घातलेली तांदळाची पेज, वरणाचे पाणी, पातळ ताक हेही सोबत चालते. कोला, डब्यातले रस आणि गोड चहा नको. मुलाचे नेहमीचे खाणे चालूच ठेवावे, पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवल्याने ते अधिक खंगते.

उन्हाळ्यात रोजचे पेय म्हणून पुडी पिण्याची टूम आम्हाला पटत नाही. लिटरभर ओआरएसमध्ये सोडियम सुमारे १.७ ग्रॅम असते आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मर्यादाच २ ग्रॅम आहे. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. जुलाब झालेल्या मधुमेही माणसाने मात्र ग्लुकोज पाहून घाबरू नये. लिटरला १३.५ ग्रॅम ही मात्रा थोडी आहे, आणि पाणी कमी पडण्याचा धोका त्याहून मोठा. साखर तपासत राहावे.

शौचात रक्त, काहीही पिता न येणे, सगळे उलटून पडणे, मूल मलूल किंवा गुंगीत असणे, पोटाची चिमटीत धरलेली कातडी दोन सेकंदांनंतरही खाली न बसणे, सहा तास लघवी नसणे: यातले एक जरी दिसले तरी घरचे उपचार पुरे, थेट रुग्णालय गाठावे आणि वाटेत चमचा-चमचा पाजत राहावे.

साठवणीसाठी कोरडा डबा पुरतो. भुकटी वाळूसारखी सुटी आणि पांढरी असायला हवी. गोळा झाली असेल, तपकिरी पडली असेल किंवा मुदत संपली असेल तर फेकावी. मोठ्या माणसांसाठी एक लिटरच्या दोन पुड्या, मुलांसाठी २०० मिलीच्या चार-पाच, झिंकचे एक पाकीट, पाच मिलीचा चमचा आणि लिटरची रिकामी बाटली एकाच डब्यात ठेवावी. रात्री दोन वाजता दुकान उघडे नसते. पावसाळ्याच्या तोंडावर गावात आशाताई जुलाब नियंत्रणाच्या मोहिमेत पुड्या वाटत येतात, तेव्हा मागून घ्याव्यात आणि त्यांच्यासमोरच एकदा पाणी करून दाखवावे.